आलीचा रंग

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात महिला शाखेच्या कार्यक्रमात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)

माझ्या इंदूरकर मंडळींनो,

‘नैसर्गिक रंग आणि माझी भटकंती’ असा विषय मला दिला आहे. पंचवीस-तीस वर्षे मी सूत आणि कापड रंगवते आहे, त्यामुळे बोलायला पुष्कळ आहे. पण सगळे सांगत बसले तर आरती चुकेल. म्हणून आज एकाच रंगाची गोष्ट सांगते. पहिल्या रांगेपासून मी सुताची एक लडी फिरवायला दिली आहे. हातात घ्या, नीट बघा आणि पुढे द्या. रंग कोणता ते मनात ठरवून ठेवा. कोणी डाळिंबी म्हणेल, कोणी विटकरी, कोणी मरून. या रंगाचे आपल्या घरातले खरे नाव मी थोड्या वेळाने सांगेन. काही जणींनी ते ओळखलेही असेल.

आधी माझ्या घरातल्या रंगांबद्दल सांगते. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, इथल्याच एका कापड गिरणीत रंगखात्यात होते. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या नखांच्या कडांवरून त्या दिवशी कोणता रंग चालला होता ते आम्हाला कळायचे. गिरणीमागच्या नाल्याच्या पाण्यावरूनही कळायचे, पण ते तेव्हा कोणाला वाईट वाटत नसे. मी पळसाची फुले उकळायला लागले तेव्हा अण्णा हसले. म्हणाले, “आम्ही दीड तासात करतो ते तू दीड महिन्यात करणार. आणि ते टिकणार किती?”

तेव्हा मला राग आला होता. पण पहिला धडा मला अण्णांच्या त्या प्रश्नानेच दिला. पळसाचा केशरी-पिवळा रंग फार देखणा येतो. मी त्या रंगाच्या डझनभर ओढण्या केल्या, प्रदर्शनात मांडल्या आणि सगळ्या विकल्या गेल्या. सहा महिन्यांनी एक बाई आपली ओढणी घेऊन परत आल्या. खांद्यावरची घडी जिथे उन्हात यायची तिथे रंग पार उडाला होता. त्या काही बोलल्या नाहीत, नुसती ओढणी माझ्यापुढे धरली. मी पैसे परत केले. घरी येऊन अण्णांना सांगितले. ते म्हणाले, “फुलाचा रंग फुलापुरता असतो. पक्का रंग हवा असेल तर मुळाकडे जा.”

ते बहुधा सहज बोलले असतील, पण शब्दशः खरे होते. सुती कापडावर पक्का बसणारा जुना लाल रंग मुळांतूनच येतो, मंजिष्ठेच्या किंवा आलीच्या. मंजिष्ठ आपल्याला उटण्यामुळे माहीत असते. आल मात्र आपण विसरलो. महाराष्ट्रात तिला बारतोंडीही म्हणतात. कडेला खडबडीत फळे धरणारे हे झाड तुम्ही नक्की पाहिले असेल. त्याच्या मुळाची साल खरवडली की आत पिवळी-नारिंगी दिसते. त्या पिवळ्यातून हा लाल निघतो.

पण आलीपर्यंत मी सरळ पोचले नाही. आधी बाघला गेले. धार जिल्ह्यातले बाघ इथून दीडशे किलोमीटरच्या आसपास. बाघ प्रिंटच्या साड्या आपल्यापैकी पुष्कळ जणींकडे आहेत, म्हणून ते काम कसे होते ते थोडे सांगते. तिथले खत्री कारागीर कोरे कापड आधी एरंडेल, खारी माती आणि बकरीच्या लेंड्या घातलेल्या पाण्यात भिजवून, पिळून, वाळवून पुन्हा भिजवतात. नाक मुरडू नका, या तेलकट-खारट तयारीशिवाय सूत लाल रंग नीट घेत नाही. मग हिरड्याचे पाणी देतात, त्याने कापड पिवळसर होते. मग ठसे. काळ्यासाठी गंजके लोखंड आणि गूळ आंबवून केलेले पाणी, त्यात चिंचोक्याचे पीठ. लालसाठी तुरटीची खळ.

इथे एक गंमत आहे. तुरटीचा ठसा मारला की कापडावर लाल दिसतच नाही. ते कापड वाहत्या नदीत धुतात आणि तांब्याच्या मोठ्या हंड्यात काही तास उकळतात. त्या हंड्यात धायटीची फुले असतात, तिकडे त्यांना धावडी म्हणतात. उकळता उकळता जिथे तुरटी आहे तिथे लाल वर येतो, जिथे नाही तिथे पांढरे राहते. मी पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा भट्टीशेजारून हलले नाही. धुराने डोळे चुरचुरत होते, पण हंड्यात एकेक फूल उमटत होते.

तिथल्या एका बुजुर्ग कारागिरांना मी भाबडेपणाने विचारले, “चाचा, यह लाल पूरा कुदरती है ना?” ते म्हणाले, “बेटी, फूल कुदरती, हरडा कुदरती, फिटकरी कुदरती. लाल अलीज़रीन का है. झूठ क्यों बोलूँ?”

अलिझरिन म्हणजे काय, ते सांगायला हवे. १८५६ मध्ये लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाला डांबरापासून मिळणाऱ्या पदार्थांवर प्रयोग करताना जांभळा रंग सापडला. रंगांच्या कारखान्यांची ती सुरुवात. पुढे १८६८ मध्ये ग्रेबे आणि लीबरमान या दोन जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी युरोपातल्या मंजिष्ठेच्या मुळात असते तेच लाल रंगद्रव्य, अलिझरिन, प्रयोगशाळेत तयार केले. पदार्थ तोच, फक्त जमिनीतून न येता बाटलीतून येऊ लागला. काही वर्षांतच फ्रान्समधली मंजिष्ठेची शेती बसली. आणि जिचा त्या भांडणाशी काही संबंध नव्हता ती आपल्या माळव्यातली आलीची शेतीही बसली. नीळ थोडी मागून गेली. कारखान्यातली नीळ १८९७ मध्ये बाजारात आली.

चाचांच्या त्या खरेपणाचे माझ्यावर फार उपकार आहेत. त्या दिवसापासून मी माझ्या कापडाच्या चिठ्ठीवर ‘शंभर टक्के नैसर्गिक’ लिहिणे बंद केले. काय वापरले ते लिहिते आणि काय टिकेल ते सांगते.

बाघला गेलात तर गावापासून सात-आठ किलोमीटरवरच्या गुंफा बघितल्याशिवाय परतू नका. मी ठसे बघायला गेले आणि वाट वाकडी करून गुंफांत शिरले. अजिंठ्याच्या जातकुळीतल्या या बौद्ध गुंफा. चौथ्या गुंफेचे नावच रंगमहाल आहे. तिथली चित्रे दगड सोडत चालली होती, म्हणून १९८२ मध्ये ती काढून ग्वाल्हेरच्या गुजरी महालातल्या संग्रहालयात नेली. १९२१ मध्ये नंदलाल बोस आणि त्यांच्या सोबत्यांनी इथे राहून त्या चित्रांच्या नकला केल्या होत्या. हा भाग तेव्हा ग्वाल्हेर संस्थानात होता आणि संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे काम आपले मो. ब. गर्दे पाहत होते. १९२७ मध्ये या गुंफांवर जो ग्रंथ निघाला त्याच्या लेखकांत ते आहेत. रिकाम्या भिंतीपुढे उभे राहून मला वाटले, आपली माणसे या मुलखात नुसती नोकऱ्या करायला आली नव्हती. जे विरून चालले होते ते नोंदवून ठेवायलाही काही जण थांबले होते.

तिथून आलीचा शोध मनात बसला. रिकाम्या भिंतीची निदान नक्कल होती. आलीची नक्कलही कोणी ठेवली नव्हती.

म्हणून निमच जिल्ह्यात जावद आणि तारापूरला गेले. भिल्ल स्त्रियांच्या घागऱ्याचे नांदणा कापड तिकडचे, निळीत बुडवलेले. त्याच पट्ट्यात जावदची आलीची रंगाईही एके काळी नावाजलेली होती. एका छिपा कुटुंबातले आजोबा ओसरीवर बसले होते. आल म्हटल्यावर ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “बेटा, आल तो गई.” त्यांनीही ती लावलेली पाहिली नव्हती, त्यांच्या आजोबांकडून ऐकली होती.

त्यांच्या ऐकिवातून आणि जुन्या गॅझेटियरांमधून मला आलीचे पीक समजले. काळ्या जमिनीत ती पेरायची. तीन-चार वर्षे थांबायचे. मग तीन-चार फूट खोल खणून मुळे काढायची, ती तुटू द्यायची नाहीत. सगळ्यात बारीक मुळे सगळ्यात महाग, मध्यम मुळांना मध्यम भाव. जाड मुळात लाकूडच जास्त, त्याला रंगारी विचारत नसे. मूळ काढले की झाड संपले, पुन्हा पेरणी. ज्याला चार वर्षे वाट बघून, कंबरभर खड्डे खणून हाती पडायचे ते बाटलीतून स्वस्तात मिळायला लागल्यावर कोण खणणार? शेतकऱ्याला नावे ठेवायला माझी जीभ उचलत नाही.

त्या आलीत रंगवलेल्या जाड्याभरड्या लाल कापडाला खारवा म्हणत. व्यापाऱ्याच्या वहीला वेष्टण खारव्याचे, गादीला खोळ खारव्याची. आपल्या जुन्या घरांतून मोडी कागद लाल रुमालात बांधून ठेवलेले असत, ते आठवा. टिकायचे असेल त्याला हा रंग, असा हिशेब होता.

आता त्या लडीकडे येते. कुठपर्यंत पोचली? माझ्या सासरच्या फ्लॅटला गच्ची नाही, म्हणून मोठी रंगाई मी माहेरी करते. एका पावसाळ्याच्या आधी रस्ता रुंद करताना बारतोंडीचे एक जुने झाड पडले. मजुरांना चहापाणी करून मी दोन टोपल्या मुळे आणली. पहिले चार प्रयोग फुकट गेले. कधी तपकिरी, कधी मातकट, कधी धुतल्याबरोबर पाण्यात. उकळी जास्त झाली, मूळ जाड होते, तेलाची तयारी नव्हती, प्रत्येक वेळी चूक वेगळी. पाचव्या वेळी एक दोन हाताचा तुकडा लाल निघाला. खोल, जरा काळसर लाल. मी आनंदाने तो गच्चीच्या दोरीवर घातला आणि आईला हाक मारली.

आई तेव्हा ऐंशी ओलांडलेली. जिना हळूहळू चढून आली. दोरीकडे बघितले आणि जागच्या जागी उभी राहिली. म्हणाली, “हे काय गं? हे काढ आधी. घरात नको हे.”

मी म्हटले, “अगं आई, आल आहे ही. पाच महिने झाले मी—”

“आल नाही. आलवण आहे हे,” ती म्हणाली आणि खाली निघून गेली.

या रंगाचे आपल्या घरातले नाव हे आहे. मागच्या रांगेतल्या आजी मान हलवताहेत, त्यांनी बघितल्याबरोबर ओळखले होते. तरुण मुलींसाठी सांगते. नवरा गेला की बाईचे केस काढत आणि तिला आलवण नेसवत, एकच लाल लुगडे, जन्मभर. त्याला अलवणही म्हणत. या शब्दाचे नाते आल या नावाशीच जोडतात. पाच महिने मी ज्या रंगामागे धावत होते तो माझ्या आईला बघता क्षणी माहीत होता. मी तिला एकदाही विचारले नव्हते.

त्या रात्री आई जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिने ट्रंकेतून एक गोधडी काढली. आम्ही लहानपणी तीच पांघरायचो. तिच्या मध्यावर चौकोनी लाल ठिगळ आहे. त्यावर आम्ही झोपलो, लोळलो, कधी विचारले नाही कशाचे आहे. आई म्हणाली, “हे माझ्या आजीचं. तुझ्या पणजीचं. चौदाव्या वर्षी तिला हे नेसवलं. गेली तेव्हा सत्तरीच्या घरात होती. मी तिच्या मांडीवर झोपायचे तेव्हा नाकाशी हेच कापड असायचं. तिचा वास आवडायचा मला, पण हा रंग पाहिला की भीती वाटायची. कुठे लग्नकार्य असलं की ती मागच्या खोलीत बसायची. मी एकदा विचारलं, आजी तू बाहेर का येत नाहीस? तर म्हणाली, माझा रंग तिथं चालत नाही गं.”

मंडळी, मघाशी १८५६ हे साल सांगितले. पर्किनला लंडनमध्ये जांभळा रंग सापडला त्याच वर्षी इथे विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा झाला. माझ्या पणजीचा जन्म त्यानंतर चाळीसेक वर्षांनी झाला. ती आलवण नेसली तोपर्यंत माळव्यातली आलीची शेती उठून गेली होती. म्हणजे तिच्या अंगावरचे ते लुगडे बहुधा आलीचे नव्हतेच, कारखान्यातल्या लाल रंगाचे होते. झाड गेले, रंगारी गेला, कायदाही झाला. पण नाव राहिले आणि त्या नावाचा जाच राहिला. गोधडीतले ठिगळ हातात घेऊन मी अण्णांच्या तसबिरीकडे बघत बसले. स्वस्त रंगामुळे मजुराच्या बायकोलाही ठसठशीत लाल लुगडे नेसता आले, असे अण्णा अभिमानाने सांगायचे, आणि ते खरेच आहे. त्याच स्वस्त रंगात पणजीचे लुगडेही निघाले.

मी आलीचे काम थांबवले. दोन वर्षे त्या मुळांच्या पोत्याला हात लावला नाही.

पुन्हा सुरुवात झाली ती ओडिशातल्या कोटपाडमुळे. कोरापुट जिल्ह्यातले हे गाव बस्तरच्या सीमेला लागून आहे. जगदलपूरला माझे एका प्रदर्शनाचे काम होते, तिथून ते जवळच. वाट वाकडी करायची माझी सवय तुम्हाला आता कळलीच आहे. कोटपाडला मिरगान समाजाचे विणकर आजही आलीतच सूत रंगवतात, तिथे तिला आउल म्हणतात. ओडिशातल्या हातमागाच्या कापडांत भौगोलिक मानांकन पहिल्यांदा मिळाले ते कोटपाडला, २००५ मध्ये. तिथले विणकर गोवर्धन पणिका यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली.

मला विणण्यापेक्षा रंगाईत रस होता, आणि ते काम घरातल्या बायका करतात. एका अंगणात मी चार दिवस बसले. सूत एरंडेल, राखेचे पाणी आणि शेणात रोज मळायचे, उन्हात टाकायचे, पुन्हा मळायचे, दिवसांमागून दिवस. मग मुळाच्या सालीची पूड पाण्यात घालून मंद आचेवर. सगळे मिळून महिन्याच्या आसपास जातात. मी पाच वेळा जे चुकले होते ते त्या आजींनी न बोलता दाखवले. माझा हात धरून भांड्यातल्या पाण्यात बुडवला. हात घालता येईल इतकेच गरम, त्यापुढे नाही. हिराकशी घातली की त्याच रंगाचे काळे-तपकिरी होते. तांबडा, काळपट आणि सुताचा मूळ पांढरा, एवढ्यावर त्यांचे सगळे कापड उभे असते.

शेवटच्या दिवशी मी दुभाष्या मुलाला म्हटले, आजींना विचार, हा लाल कोण नेसतं? प्रश्न ऐकून त्या हसल्या. मला प्रश्नच कळत नाही असे त्यांना वाटले असावे. मुलगा म्हणाला, “त्या म्हणतात, कोण म्हणजे? नवरी.”

मी तिथेच रडले. त्यांना वाटले भांड्याचा धूर लागला.

परत आल्यावर ही गोष्ट मी आईला सांगितली. ती ऐकत होती, हातात वाती वळणे चालू होते. म्हणाली काहीच नाही. आठ-दहा दिवसांनी मी माहेरी गेले तेव्हा मुळांचे पोते तिने गच्चीवर उन्हात घातलेले होते. म्हणाली, “कीड लागेल नुसतं ठेवून. करायचं तर कर.”

कोटपाडच्या रीतीने सूत रंगवले. तुमच्या हातातली लडी त्यातलीच. ते विणायला महेश्वरला नेले. अहिल्याबाईंनी राजधानी महेश्वरला नेली, विणकरांना आश्रय दिला, हे इथे सांगण्याची गरज नाही. मधल्या काळात ते माग बंद पडत चालले होते. १९७०च्या दशकाच्या अखेरीस रेहवा सोसायटी उभी राहिली तेव्हा ते पुन्हा चालू लागले. माझ्या विणकराने लडी हातात घेऊन कपाळाला हात लावला. महेश्वरीचे सूत बारीक असते, त्यात महिनाभर राखेत आणि तेलात मळलेले. माग लावला की तुटे. शेवटी आम्ही तोडगा काढला. ताणा रेशमाचा, झेंडूत पिवळा रंगवलेला. बाणा आलीचा. पिवळ्यावर लाल, धूपछांव. अर्धा इंच विणले आणि विणकर थांबला. म्हणाला, “बाई, यह तो जल रहा है.”

साडी घरी आली. नेसायचे धैर्य मला झाले नाही, कपाटात ठेवली. मग या वर्षी श्रावणात आईने विचारले, “तुझी ती साडी कुठे आहे?” मी काढून दिली. तिने मांडीवर घेतली, चष्मा लावून काठ बघितला, पदर बघितला, नाकाशी नेली. म्हणाली, “या वर्षी थोरल्या महालक्ष्मीला ही नेसवायची.”

आमच्याकडे महालक्ष्म्या भावाच्या घरी असतात. वहिनी काही बोलली नाही. मावशी मात्र बोलली. “ताई, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? आलवण नेसवणार महालक्ष्मीला? लोक काय म्हणतील?” आई म्हणाली, “लोक साडी म्हणतील. ज्यांना आलवण माहीत आहे अशा आता चारच जणी उरल्यात, त्यांना मी उत्तर देईन.” मावशी म्हणाली, “मग मी जेवायला येणार नाही.” आणि ती आली नाही. मावशीला मी दोष देत नाही. तीही त्याच आजीच्या मांडीवर वाढली आहे. जी भीती आईने वाती वळता वळता सोडवली ती मावशीच्या मनात अजून गाठ मारून बसली आहे. तिच्या पुरणपोळ्या दुसऱ्या दिवशी मी घेऊन गेले. तिने घेतल्या.

महालक्ष्म्यांना साडी वहिनीच नेसवते. या वेळी ती आईला म्हणाली, “थोरलीला तुम्ही नेसवा.” अण्णा गेल्यापासून आई महालक्ष्म्यांच्या साड्यांना हात लावत नव्हती. कोणी तिला मना केले नव्हते. ती आपणहून मागे सरकली होती, पणजीसारखीच. परवा तिने अकरा वर्षांनी निऱ्या घातल्या. हात थरथरत होते, निऱ्या थोड्या वाकड्या आल्या. कोणी सरळ केल्या नाहीत.

ही ती साडी. परवाच महालक्ष्म्या उठल्या, आज पहिल्यांदा घराबाहेर आणली आहे. कार्यक्रमानंतर जवळ येऊन बघा, हात लावा. हळद-कुंकू लागलेले आहे, ते मी धुतलेले नाही.

इतकी वर्षे रंगवून मला एवढेच कळले आहे. रंगात तुरटी असते, तेल असते, पाणी असते, ऊन असते, वाट पाहणे असते. त्यात पाप-पुण्य नसते. ते आपण घालतो, आणि आपणच घातलेले आपल्यालाच काढता येते. वेळ लागतो. कदाचित आलीच्या मुळाइतकीच वर्षे लागतात.

शेवटी एक कामाची गोष्ट, कारण नुसत्या गोष्टी सांगून तुम्ही मला सोडणार नाही. आपल्या मंडळाचे निर्माल्य रोज टोपल्या भरून निघते. त्यातला झेंडू वेगळा काढा. देठ काढून पाकळ्या घ्या, कापडाच्या वजनाच्या दीडपट-दुप्पट. सुती कापड आधी धुऊन खळ काढा, हिरड्याच्या पुडीच्या पाण्यात तासभर भिजवा, वाळवा. मग कापडाच्या वजनाच्या दहा-बारा टक्के तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात ते रात्रभर ठेवा. सकाळी झेंडूचे पाणी पाऊण तास मंद उकळून गाळा, आणि त्यात कापड घालून हलवत राहा. लोखंडी कढई घेऊ नका, रंग काळवंडेल. स्टील चालेल. सावलीत वाळवा. सुंदर पिवळा येईल. आणि अण्णांच्या वतीने सांगते, तो फुलाचा रंग आहे, कडक उन्हात फार वाळवू नका.

पुढच्या वर्षी बाप्पाच्या मागचा पडदा आपण या वर्षीच्या निर्माल्यात रंगवलेला असावा, अशी माझी महिला शाखेला विनंती आहे. कापड मी आणीन, भांडी मंडळाने द्यावीत. आणि ज्यांच्या घरी अशी एखादी लाल ठिगळाची गोधडी असेल, त्यांनी ती टाकण्याआधी घरातल्या सगळ्यात थोरल्या बाईला एकदा विचारावे. मी विचारायला फार उशीर केला, पण माझ्या नशिबाने आई होती.

माझी आई आज आलेली आहे, तिसऱ्या रांगेत आहे. तिने नेसलेली साडी बघा. अण्णा गेल्यानंतर तिने पांढऱ्या आणि राखाडीशिवाय रंग घेतला नव्हता. आज पिवळी आहे. झेंडूची.

गणपती बाप्पा मोरया!